दोन बोटांची फट

त्याला सगळे टेप म्हणत. सुतारकाम करणाऱ्याच्या कमरेला मोजपट्टी असायचीच, पण हा पठ्ठ्या ती लावून इस्पितळातसुद्धा जायचा. आईला भेटायला आला की बोलता बोलता खाटेची उंची मोजून मोकळा.

गाडी खाली बसवायचं खूळ त्याच्या डोक्यात बरेच महिने होतं. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. चाकावरची कमान आणि टायर यांच्यामध्ये अख्खी मूठ जाईल एवढी फट. ती त्याला बघवत नसे. कपाटाच्या दोन दारांत एवढी फट ठेवली असती तर गिऱ्हाइकानं त्याला दारात उभं केलं नसतं. त्याला फट हवी होती दोन बोटांची, बस.

पण हौस मोठी आणि खिसा लहान. गॅरेजवाला म्हणाला, "आहेत त्याच स्प्रिंगा कापून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"कापलेली स्प्रिंग जागेवर राहील का?"

"राहिली तर राहिली."

असला धोका घ्यायचा नाही, एवढं डोकं टेपला होतं. त्यानं कुणाच्या तरी गाडीतून निघालेल्या आखूड स्प्रिंगा हुडकून आणल्या. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले, कारण नवे परवडत नव्हते. स्प्रिंग आखूड आणि शॉक ॲब्सॉर्बर म्हातारे, गाडी दणके देणार, असं गॅरेजवाल्यानं बजावून सांगितलं. "देऊ दे," टेप म्हणाला. मजुरीच्या बदल्यात त्यानं गॅरेजच्या भिंतीला हत्यारांसाठी एक झकास फळी ठोकून दिली. काढलेल्या उंच स्प्रिंगा त्याच फळीवर पडून राहिल्या.

त्याच दिवसांत आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा नवीन बसवला. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की काही आठवडे गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खाली वाकून बसल्या तर सांधा निखळेल आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. टेपनं ते अगदी मनावर घेतलं. आईच्या पलंगाच्या पायांखाली ठोकळे दिले, खुर्चीला नवे पाय लावले, संडासात उंच बैठक बसवली. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, सहसा कौतुक करणारी नव्हे, तीही म्हणाली, "यात तुझा हात कुणी धरणार नाही." घर वर गेलं, गाडी खाली आली, आणि दोन्ही एकाच माणसानं एकाच पंधरवड्यात केलं. त्याच्या मात्र ते ध्यानीमनी नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी त्यानं गाडी धुऊन पुसून इस्पितळाच्या दारात आणली. आईनं अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं, "माझा मुलगा नेणार मला, त्याच्या गाडीतून." चाकांच्या खुर्चीतून ती दारात आली आणि गाडीकडे बघून हसली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सीटवर हात ठेवला आणि विचारलं, "ही एवढी खाली कशी?"

टेपचा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि तिथंच थांबला. मोजायची गरज नव्हती.

"मीच केली," तो म्हणाला.

ताईनं नुसतं बघितलं. ते बघणं तो जन्मात विसरणार नाही.

"टॅक्सी बोलवू का?" मॅडमनी विचारलं.

"नको," आई म्हणाली. "मी याच्याच गाडीतून जाणार."

मग दोन घट्ट उशा आल्या. सीट मागे सरकवली, पाठ कलती केली. आईनं पाठमोरं होऊन, पाय लांब ठेवून, मॅडमच्या आणि ताईच्या आधारानं हळूहळू अंग टेकवलं. सांधा शाबूत राहिला, पण डोकं छपराला टेकलं. पहिल्याच गतिरोधकाला गाडीचं पोट खरवडलं आणि असा दणका बसला की टेपनं स्वतःच दात आवळले. पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला त्यानं ताईला उतरवलं, वजन कमी व्हावं म्हणून. ताई गाडीच्या बाजूनं चालायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायची. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. आईनं दारावरची मूठ पकडली होती, बोटं पांढरी पडली होती, पण तोंडातून ब्र नाही.

"दुखतंय का गं?"

"छे. छान आहे की गाडी."

घरी पोचल्यावर शेजारीण बघायला आली तेव्हाही आई तेच म्हणाली. काय सुरेख दिसते, सगळी त्यानं स्वतः ठरवून केली. शेजारीण गेली तेव्हा टेप बाहेर चपला काढत होता. आत ताईशी बोलताना आईचा आवाज बारीक झाला.

"टाके काढायला जाताना टॅक्सी सांग हं. त्याला कळू देऊ नकोस, वाईट वाटेल."

टेपनं चपला परत घातल्या. खाली जाऊन गाडीचं दार उघडलं आणि आईला शिकवलं होतं तसा बसायला गेला: पाठमोरा, एक पाय लांब, कंबर न वाकवता. जमेना. धडकन आत पडला, गुडघे छातीपाशी आले. त्याचा खुबा धडधाकट होता, तरी उठताना दाराला धरावं लागलं. त्याला रडूच आलं, आणि ते त्यानं येऊ दिलं.

डोळे पुसून तो सरळ गॅरेजात गेला.

"स्प्रिंगा बदलायच्या आहेत."

गॅरेजवाला खूश झाला. "आणखी खाली? एक बोट ठेवू फट?"

"वर," टेप म्हणाला आणि फळीवरच्या जुन्या स्प्रिंगा स्वतःच खाली उतरवू लागला.

"अरे, एवढ्या हौसेनं खाली बसवलीस! बरं, कमानीत किती फट ठेवायची ते तरी सांग."

"फट बघू नकोस. जमिनीपासून सीट मोज," टेप म्हणाला आणि कमरेची टेप काढून त्याच्या हातात दिली. "आईच्या खुर्चीएवढी आली पाहिजे."