सुरभीचा सत्कार

कापूस फुटून वावर पांढरंफटक झालं होतं. बाया वाकून वेचत पुढं सरकत होत्या आणि मधल्याच ओळीत सुरभी धाडकन पडली. ओटीतला कापूस काळ्या मातीत सांडला. हातपाय ताठले, दात खिळले, तोंडाला फेस आला.

“चप्पल हुंगवा व तिले!” शेजारची कौशल्याबाई ओरडली.

“कोनी हात नका लावू!” म्हणत तिची माय धुरपता धावत आली. तिनं लेकीला कुशीवर केलं, डोक्याखाली पदर सारला आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दवाखान्याच्या डॉक्टरनं तेवढंच सांगितलं होतं.

सुरभी दहावीला होती. दिवाळीच्या सुट्टीत मायसंगं वेचणीला यायची. जामच्या चौरस्त्याअलीकडच्या त्या लहानशा गावात तिची मिरगी सगळ्यांना ठाऊक होती; गावाबाहेर मात्र तिचा बाप किसनराव कोणाला कळू देत नव्हता. पाहुण्यांत विषय निघाला की म्हणायचा, “ऊन लागते तिले.”

उन्हाळा सरला, निकाल लागला. सुरभी शाळेत पहिली आली. गुरुजी घरी आले आणि म्हणाले, “हिंगणघाटच्या प्रभाकरशेठनं ट्रस्ट काढला आहे. मिरगीच्या पोरापोरींना शिकायला मदत देतात. फी, पुस्तकं, वसतिगृहाचा खर्च, सगळं.”

किसनरावानं चहाची बशी खाली ठेवली. “गावात माहीत हाय ते गावातच राहू द्या गुरुजी. शहरात मिरगीवाली म्हनून नाव पुकारलं, तं उद्या हिच्यासाठी दारात कोन येईन?”

सुरभी चुलीपाशी होती. ती उठून आली.

“बाबा, लपवलं तरी मी पडतो, अन् सांगतलं तरी पडतो. मंग शिकून तरी पडू द्या ना मले.”

दुसऱ्या दिवशी किसनरावानंच धुतलेलं धोतर नेसलं आणि लेकीला घेऊन हिंगणघाटची गाडी धरली.

मदत मंजूर झाली आणि सत्काराला मोठा मांडव पडला. शेठची कापसाची जिनिंग होती, कॉलेज होतं, वसतिगृह होतं. माईकवरून पुकारा झाला, “मिरगीची रुग्ण, कुमारी सुरभी किसनराव!” टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फोटो. मागच्या खुर्चीवर किसनरावानं मान खाली घातली होती, पण टाळ्या वाजल्या तशा त्यानंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला.

तो फोटो वसतिगृहाच्या मॅडमनी पाहिला. नुकतीच कुठं सुरभीची वळकटी खोलीत उलगडली होती. मायबापाला बोलावणं आलं.

“आम्हाला आधी सांगितलं नाही तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “बाकीच्या मुली घाबरतात. हिला काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“गोयी रोज घेते ना बाई,” धुरपता हात जोडून म्हणाली. “अन् ह्याच बिमारीपायी तं तुमच्या शेठनं मदत देली.”

“मग शेठजींनाच विचारा.”

शेठनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. गोड माणूस. “हे पहा, ट्रस्ट वेगळा, वसतिगृह वेगळं. तिथला नियम मला मोडता येत नाही. मदत मात्र आमची पक्की. पोरीनं कॉलेज चुकवू नये, एवढंच.”

बाहेर आल्यावर किसनराव म्हणाला, “नियम कोनं केला मंग?”

सुरभी गावाहून जाणं-येणं करू लागली. जामला उभं राहायचं, मिळेल त्या गाडीत शिरायचं. पावसाळ्यातच एकदा हिंगणघाटच्या स्टँडवर ती पडली. पुढचा दात तुटला. दारू प्यायलेली समजून लोकांनी तिला बाजूला सारलं आणि कोणीतरी दप्तर नेलं. त्यानंतर किसनरावानं तिला जाऊ दिलं नाही. कॉलेज चुकलं, म्हणून ट्रस्टची मदत थांबली.

वर्ष झालं आणि शेठचा माणूस जीप घेऊन दारात आला. ट्रस्टचा दुसरा सत्कार होता. पहिली विद्यार्थिनी म्हणून सुरभीनं दोन शब्द बोलावेत, अशी शेठची इच्छा होती.

“त्यायले म्हना, तोंड कायं करा!” किसनराव भडकला.

“मी जातो,” सुरभी म्हणाली. “माय, तू चाल माह्यासंगं.”

माईक तिच्या उंचीला आणून दिला. ती अडखळली नाही.

“मागच्या साली शेठजीनं मले मदत देली, मले मिरगी आहे म्हनून. मंग त्यायच्याच वसतिगृहातून मले काढलं, मले मिरगी आहे म्हनून. माह्यं कॉलेज सुटलं. आता मी लोकाच्या वावरात निंदाले जातो.”

शेठच्या माणसानं टाळी वाजवली आणि त्याच्यामागं सगळ्यांनी वाजवली. शेठही हसून वाजवत होते. धुरपतानं हात मांडीवरून उचलले नाहीत.

पहिल्या रांगेत एक पोरगी मायचा पदर धरून बसली होती. यंदाची शाल तिला मिळायची होती. तिची माय हळूच धुरपतापाशी सरकली.

“खरंच ठेवत नाईत का व वसतिगृहात?”

“नाई ठेवत.”

“मंग आमी काय करू?”

धुरपता लेकीच्या तुटक्या दाताकडं पाहत राहिली. “शाल मंग घेजो बाई,” ती म्हणाली. “खोली आधी पाह्यजो.”

बाईला आणखी काही विचारायचं होतं. तेवढ्यात माईकवरून तिच्या पोरीचं नाव पुकारलं, आजारासकट, आणि टाळ्या सुरू झाल्या.