लाल ठिपका

"काकू, या सायकली बाजारातून भाजी आणायला बऱ्या. डोंगर उतरायला नव्हेत," को सर म्हणाले, तेव्हा पाओ-चू एका सायकलीच्या हँडलापाशी वाकली होती.

तिनं मान वर केली. "सर, तुमच्या एका चाकाच्या मोलात माझ्या दोन सायकली येतात, मान्य. पण पाय तुम्हालाच मारावे लागतात ना? का तेही विकत आणलेत?"

मंडईतल्या अकरा बायका खिदळल्या. त्या हसण्यातच पाओ-चूनं नेलपॉलिशचा ब्रश नटावर टेकवला आणि ताठ मानेनं उठली.

नवऱ्यामागं पुली गावातलं सायकलचं दुकान तिनं एकटीनं चालवलं. शाळा दोन इयत्ता. पण नट आवळला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका पडायचा, आणि तो ठिपका म्हणजे पाओ-चूचा शब्द. आवळल्याशिवाय ठिपका नाही. या अकरा जणींनी तिच्याच शब्दावर साध्या, निळ्या सायकली घेतल्या होत्या आणि को सरांच्या रविवारच्या फेरीत नाव घातलं होतं.

चढाला को सर सर्वांत पुढं, मागं कुणी राहू नये म्हणून पाओ-चू शेवटी. देवळाचं लाल छप्पर दिसू लागलं. त्याच्या पलीकडं तळ्यापर्यंत नुसता वळणावळणाचा उतार. तिची नजर स्वतःच्या हँडलवरच्या ठिपक्यावर गेली आणि तिला सकाळचं आठवलं.

सरांना टोला हाणला तेव्हा ब्रश हातात होता. पण पाना? पाना जमिनीवरच पडला होता.

कुणाची सायकल होती ती? सगळ्या निळ्या, सगळ्यांवर ठिपका.

पुढून शिट्टी वाजली. "उतार! अंतर ठेवा!" हाक एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी होत मागं आली.

"थांबा!" पाओ-चू ओरडली.

"काकू, हाक पुढून मागं येते, मागून पुढं नाही जात," पुढची म्हणाली. "काय झालं? चेन पडली?"

हो म्हटलं असतं, तर ही एकटी थांबली असती आणि बाकीच्या उतारावर गेल्या असत्या. पाओ-चूनं दात-ओठ खाल्ले.

"सांग पुढं! पाओ-चूनं नट आवळला नाही म्हणावं! न आवळताच ठिपका लावला म्हणावं! बघतेस काय, भवाने, ओरड!"

पुढची ओरडली. मग तिच्या पुढची. "पाओ-चूनं नट आवळला नाही!" अकरा तोंडांतून, प्रत्येकीच्या वेगळ्या गळ्यातून, तिची अब्रू चढ चढत सरांच्या कानापर्यंत गेली. शिट्टी दोनदा वाजली. सगळ्या जणी देवळाच्या भिंतीशी उतरल्या.

पाओ-चूनं पुढचं चाक गुडघ्यात धरून एकेक हँडल पिळून पाहिलं. आठ घट्ट निघाली. नववं सु-लानचं. वाफवलेले बन विकणाऱ्या त्या बाईचं हँडल भोपळ्याच्या देठासारखं फिरलं. चाक होतं तिथंच.



"मला वाटलं, माझेच हात थरथरतायत," सु-लान हळूच म्हणाली. "पहिल्यांदाच चालवतेय ना."

को सर जवळ आले. पाओ-चू वाट पाहत राहिली. आता बोला, सर. तुमची पाळी. त्यांनी खिशातून स्वतःचा पाना काढून पुढं केला आणि दुसरीकडं पाहू लागले. टोमणा परवडला असता.

तिनं नट आवळला. उरलेल्या दोन सायकलीही तपासल्या. सु-लान म्हणाली, "ठिपका लावा ना, काकू, म्हणजे मला धीर येईल."

"ठिपक्यावर नको जाऊ. हे धर, स्वतः पिळून बघ. सगळ्याच बघा गं, आपापलं."

बायका आपापली हँडलं पिळत होत्या, तेव्हा पाओ-चू ओळीनं एकेक ठिपका खरवडत निघाली. अकराही. शेवटी स्वतःचा बारावा.

मग शिट्टी झाली. निळ्या सायकली एकामागून एक वळणाआड गेल्या. पाओ-चू सर्वांत शेवटी निघाली, दोन्ही हातांनी हँडल आवळून. जन्मात कधी रंग न लावलेल्या तिच्या अंगठ्याच्या नखाखाली लाल कपच्या अडकल्या होत्या.