हो, नाही, सांगता येत नाही

टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा मंदावला, पुन्हा लागला — सेल उतरलेत, रूपालीच्या मनात आलं, शिरोळच्या बायकांशी बोलण्यातच उतरले असणार... समोर आई बसली होती. आक्काताई, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स, आता निवृत्त. नोकरी करणाऱ्या आया आणि त्यांची मुलं, हा रूपालीच्या प्रबंधाचा विषय. एकशेविसावी बाई मिळेना म्हणून ती रविवारी माहेरी, गडमुडशिंगीला आली होती.

“नोकरीमुळे मुलांकडे दुर्लक्ष झालं असं वाटतं? हो, नाही, सांगता येत नाही.”

“न्हाय,” आई म्हणाली.

पेन्सिल थांबली. या प्रश्नाला बाकीच्या बायका रडल्या होत्या. रूपालीने समासात तशी नोंदही केली होती. तिला आठवला तिचा सातव्या वर्षीचा गोवर — उशाशी तांब्या, दाराला बाहेरून कडी, आई दवाखान्याच्या शिबिराला गेलेली, आणि आपण घसा सुकेपर्यंत हाका मारतोय... बिचारीला रजा मिळाली नाही, असं वडील म्हणाले होते. त्या ‘बिचारी’वरच तर सगळा प्रबंध उभा होता — ओढाताण, अपराधीपणा, दोनशे पानं.

“मला गोवर आला होता तेव्हा?” हा प्रश्न यादीत नव्हता.

“रजा मिळालती की. मीच गेलते. तितं समदी सिस्टर सिस्टर करायची. घरात नुसतं तुझं रडणं. ऐकवायचं न्हाय मला.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटाय पायजे हुतं. न्हाय वाटलं. लिव्ह तसं.”

रूपालीने लिहिलं नाही.

“साक्षी बरी हाय न्हवं?” आईने नातीची चौकशी केली.

“ताप आहे तिला. सासूबाई आहेत जवळ.”

सकाळी साक्षीने ओढणी घट्ट धरली होती. तिची गरम बोटं एकेक करून सोडवताना रूपाली म्हणाली होती, सरांनी आजच बोलावलंय गं. मार्गदर्शक सरांनी बोलावलं नव्हतं. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर किती मोकळं वाटलं — हे एकशेएकोणीस बायकांपैकी कुणीच सांगितलं नाही, किंवा मी विचारलंच नाही...

“जा मग. पोरगी वाट बघत असंल.”

“अजून प्रश्न आहेत,” रूपाली म्हणाली. कागदावरचा शेवटचा प्रश्न केव्हाच होऊन गेला होता. उठायला हवं हे तिला कळत होतं, आणि चहा होईपर्यंत, नंतरही, आपण उठणार नाही हेही. आईचा राग यायला हवा होता. तो ती शोधत राहिली, आणि हाताला लागला तो हेवा — हिला निदान हे बोलता तरी आलं.