अप्पांचे वाण

पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन थोरली लेक माशांची पिल्ले निवडत होती. बोटाच्या पेराएवढी पिल्ले. पाठ सरळ असेल ते बादलीत जायचे. पाठीला बाक असेल किंवा कल्ल्यावरचे झाकण तोकडे असेल, ते मागच्या बदकांना. अप्पा चहा संपवून बाहेर यायच्या आत हे काम उरकायचे, असा तिचा आठ वर्षांचा नेम होता. पहिल्या वर्षी शंभरात दोन-तीन वाकडी निघायची. आज अठरा निघाली होती.

ती ताटली विसळत असतानाच फाटकाशी टेम्पो थांबला आणि पुढून धाकटी उतरली. मागे निळ्या ताडपत्रीखाली दोन मोठ्या टाक्या होत्या.

“हे काय आणलंस?” थोरलीने विचारले.

“नदीचे मासे. दोन वेगवेगळ्या नद्यांचे. वीस नर, वीस माद्या.”

“आपल्याकडे माशांचा दुष्काळ पडलाय का?”

धाकटीने चपला काढल्या. “अप्पांनीच फोन केला होता, ताई. म्हणाले, पिल्लं पहिल्यासारखी वाढत नाहीत, येऊन बघ. मी वर्षभराची रजा टाकलीय. तुला बोलले नाहीत का?”

थोरलीने हातातली ताटली पुन्हा एकदा विसळली. अप्पांच्या खोलीपासून हौदापर्यंत पंचवीस पावले. पंचवीस पावलांवरच्या मुलीला विचारायचे सोडून त्यांनी परगावी फोन केला होता.

आई गेली तेव्हा थोरली सोळा वर्षांची होती आणि धाकटी पाच. थोरलीची शाळा सुटली ती सुटलीच. माशाची मादी ओल्या फडक्यात कशी धरायची, पोटावरून अंगठा कसा फिरवायचा म्हणजे अंडी न दुखवता बाहेर येतात, हे ती अप्पांच्या शेजारी बसून शिकली. अप्पांनी तरुणपणी बारा जोड्या आणून हे मत्स्यबीज केंद्र उभे केले, ही गोष्ट आसपासच्या सगळ्या तळेवाल्यांना तोंडपाठ होती. ‘अप्पांचा मासा’ म्हणजे रुंद पाठीचा, सोनेरी खवल्यांचा, वर्षात भरणारा. बाहेरचा एकही मासा आत घ्यायचा नाही, दरवर्षी सगळ्यांत मोठे निवडून त्यांचीच वीण ठेवायची, हा अप्पांचा शिरस्ता थोरलीने अठ्ठावीस वर्षे पाळला. दोन स्थळे आली तीही तिने विणीच्या हंगामातच परत पाठवली. धाकटी वसतिगृहात राहिली, माशांचेच शिक्षण घेतले, मोठ्या संशोधन केंद्रात लागली.

काठीचा आवाज करत अप्पा आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना आता अंधूकच दिसायचे. धाकटीने टाकीतला एक नर त्यांच्या हातात दिला. मासा सडपातळ, काळपट, दिसायला अगदीच सामान्य. त्याने शेपटीचा असा फटका मारला की अप्पांचा सदरा भिजला.

“अगं, हाताला झटका देतोय,” अप्पा हसत म्हणाले. “कित्येक वर्षांत असा मासा हातात आला नाही.”

त्या कित्येक वर्षांतला प्रत्येक मासा त्यांच्या हातात थोरलीने दिला होता.

दुपारी जेवताना धाकटी समजावू लागली. “आपले मासे एकमेकांचे सख्खे झालेत, ताई. पिढ्यान्पिढ्या घरातल्या घरात वीण झाली की झाकलेले दोष वर येतात. पाठी वाकतात, वाढ खुंटते. आणि आजार आला तर सगळे एकाच ताकदीचे. एक पडला की सगळे पडतात. वेगवेगळ्या रक्ताचे असले तर काही जातात, काही तगतात.”

“बारा जोड्यांचं रक्त आहे आपल्याकडे.”

“म्हणून तर मला कोडं पडलंय. बारा जोड्या असत्या तर इतक्या लवकर हे व्हायला नको होतं.”

“म्हणजे माझ्या हातून झालं, असंच ना?”

“तसं मी म्हटलं का?”

अप्पा खाली मान घालून जेवत राहिले.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणून थोरलीनेच पैजेचा विडा उचलला. शेजारशेजारचे दोन सिमेंटचे हौद. एकात अप्पांच्या वाणाची हजार पिल्ले, दुसऱ्यात नदीच्या माशांची हजार. पाणी एक, खाद्य एक, आणि दोन्हीकडे हवेचा एकेक पंप.

पहिला महिना थोरलीचा गेला. नदीची पिल्ले बुजरी, तळाशी दडून बसायची. तराजूवर तिची पिल्ले जड भरली की ती आकडा मुद्दाम मोठ्याने वाचायची. दुसऱ्या महिन्यात काटा सरकला. तिसऱ्यात धाकटीची पिल्ले दीडपट झाली, आणि लहानमोठी असली तरी एकूण एक धडधाकट. थोरलीच्या हौदात मात्र रोज दोन-चार पांढरी पोटे वर तरंगायची.

अप्पा सकाळी खुर्ची ओढून धाकटीच्या हौदाशी बसू लागले. खाद्य टाकले की तिकडचे पाणी उकळल्यासारखे खळबळायचे. तो आवाज ऐकत ते हसायचे. तळेवाले आले की म्हणायचे, “अप्पा, पोरीनं नाव काढलं.” पोरीने म्हणजे कोणत्या, हे कुणाला विचारावे लागत नसे. थोरली आतून चहा पाठवायची आणि स्वतः बाहेर यायचीच नाही. धाकटीची केसांना पेन खोचायची सवय, उभ्यानेच फळ खाणे, अप्पांना “अहो” न लावता “अप्पा, सरका” म्हणणे, सगळेच तिच्या डोळ्यांत खुपू लागले.

एके दिवशी भर उन्हात धाकटी बाजारात गेली आणि अप्पा झोपले होते. थोरली हौदाशी गेली आणि तिने धाकटीच्या पंपाचे बटण बंद केले.

बुडबुडे थांबले. ती पायरीवर बसली. काही वेळ काहीच झाले नाही. मग एक तोंड वर आले, मग दहा, मग सगळा हौद तोंडांनी भरला. शेकडो लहान तोंडे उघडत होती, मिटत होती. जन्मभर तिने तोंड वर काढलेला मासा पाहिला की धावत जाऊन पंप पाहिला होता. आज ती हात मांडीखाली दाबून बसली. मग हात आपणच सुटले आणि तिने बटण दाबले. अर्ध्या तासाने पिल्ले खाली गेली. एकही मेले नव्हते. वाचल्याचे बरे वाटले, आणि एकही मेले नाही याचा राग आला, दोन्ही एकदमच. हे तिने पुढे कधीच कुणाला सांगितले नाही.

त्यानंतर आठवड्याने कल्ल्यांचा आजार आला. तो दोन्ही हौदांत आला. नदीच्या पिल्लांत चार दिवसांत दोनशे गेली आणि मग मरणे थांबले. थोरलीच्या हौदात पहिल्या दिवशी साठ, दुसऱ्या दिवशी तीनशे. धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उतरून मिठाचे पाणी सोडत होती, मेलेली वेचत होती, आणि तेही स्वतःच्या हौदात नव्हे, ताईच्या. पाचव्या दिवशी त्यात चाळीस उरली.

अप्पा काठावर येऊन उभे राहिले. “किती गेले?”

“दोन्हीकडे सारखेच, अप्पा,” धाकटी म्हणाली.

तिने हे दयेपोटी म्हटले होते, आणि तेच थोरलीला सहन झाले नाही. आजवर वाट्याला आले ते तिने घेतले होते, पण हिच्याकडून दया घ्यायची नव्हती.

“खोटं आहे,” ती म्हणाली. “माझे गेले. तिचे आठशे जगलेत. आणि आजच नाही, आठ वर्षं मी वाकडी पिल्लं तुमच्यापासून लपवतेय. शंभरात अठरा. काय चुकलं ते मला कळलं नाही. पाणी बदललं, खाद्य बदललं, रात्र रात्र विचार केला. तुमचं वाण माझ्या हातात बुडालं.”

अप्पा खुर्ची चाचपत बसले. त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“बारा जोड्या नव्हत्या,” ते म्हणाले. “आणल्या बारा. वाटेत टाकीतलं पाणी तापलं. घरी पोचेपर्यंत एक नर नि एक मादी उरली. तुझ्या आईचं सगळं स्त्रीधन मोडून मासे आणले होते. कुठल्या तोंडानं सांगणार? बारा म्हणालो, आणि तेच सांगत राहिलो. लोक मान द्यायला लागले, मग तर तोंडच शिवलं गेलं.”

धाकटी पाण्यातच उभी राहिली. “एका जोडीवर इतकी वर्षं?” ती हळूच म्हणाली. “मग ताई, ते वाण वीस वर्षांपूर्वीच संपायला हवं होतं. तू ते कसं टिकवलंस?”

थोरलीने तिच्याकडे पाहिले नाही. ती अप्पांकडे पाहत होती. “मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली. “तिला फोन करण्याआधी.”

“तुला सांगायचीच लाज वाटली,” अप्पा म्हणाले. “तिला फोन करायची वाटली नाही.”

थोरलीने मेलेल्या माशांची टोपली उचलली आणि मागे खड्डा खणायला गेली.

पुढच्या हंगामात अप्पांच्या वाणाच्या उरलेल्या मोठ्या माद्यांना नदीच्या नरांशी जुळवायचे ठरले. धाकटीने कागदावर आखले, पण मादी हातात धरायची वेळ आली तेव्हा तिची बोटे फार घट्ट आवळली जात होती. थोरलीने तिच्या हातून मादी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि अंगठा फिरवला. अंडी मोहरीच्या राशीसारखी कटोऱ्यात उतरली. धाकटी वाकून बघत राहिली. “पुन्हा एकदा दाखव, ताई,” ती म्हणाली. थोरलीने दाखवले, पण सावकाश दाखवले नाही.

ती पिल्ले रुंद पाठीची निघाली आणि चपळही. धाकटी रजा संपवून कामावर परतली होती. दूरदूरचे तळेवाले आले. त्यातला एक नवा माणूस पिशवी उजेडात धरून पिल्ले बघत होता.

“काय जोम आहे हो. हे वाण कुणी काढलं?”

अप्पा खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली.

“माझ्या बहिणीनं,” थोरली म्हणाली.

तिने पिशवीत हवा भरली, तोंड दोनदा पिळून रबर चढवले, आणि पुढच्या माणसाला हात केला.