बारक्या चिलाप्या

म्हाळूआण्णांच्या परसात सिमेंटच्या टाक्या उभ्या राहिल्या तेव्हा दौंडच्या त्या आळीत चर्चेला ऊत आला. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस म्हातारपणी मच्छीचा धंदा काढतोय की काय? आण्णा येईल-जाईल त्याला ऐकवायचे, "धंदा न्हाई, पीएचडी हाय. आमच्या प्राचीची." पण टाक्यांकडे हात करून ते अशा तोऱ्यात बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं निम्मी पीएचडी आण्णांचीच आहे.

आणि ते अगदीच खोटं नव्हतं. प्राची पुण्याला विद्यापीठात शिकत होती. तिथं टाक्यांना जागा मिळेना, म्हणून तिच्या सरांनी घरी सोय करायला परवानगी दिली. आठवडाभर मासे सांभाळायचे आण्णांनी आणि रविवारी पुण्याच्या शटल गाडीनं येऊन मोजमाप करायचं प्राचीनं. नोकरीला नाहीतर शिक्षणाला बाहेर पडलेली पोरं दिवाळीला नि चौदा एप्रिलला तोंड दाखवतात. आण्णांची लेक मात्र दर रविवारी घरी जेवायला असायची. माशांच्या जिवावर का होईना, आण्णा सुखात होते.

तिचा विषय आण्णांना तोंडपाठ झाला होता. भीमेत पूर्वी परातीत मावणार नाही एवढाली चिलापी मिळायची. आता मिळते ती तळहाताएवढी, आणि तेवढ्याशा पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली. मोठा मासा जाळ्यात जातो, बारका निसटतो. म्हणून लवकर पिकणाऱ्याचीच, म्हणजे बारीक असतानाच अंड्यावर येणाऱ्याचीच, पिल्लं मागं राहतात. तर ही घाई आता माशाच्या रक्तातच उतरली आहे, की नदीतल्या दाटीनं आणि उपासमारीनं तो खुरटतो? हे शोधायला प्राचीनं नदीतली चिलापी आणली आणि केंदूरकडच्या एका तळ्यातली आणली, जिथं कुणी कधी जाळं टाकलं नव्हतं. दोघींची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं, सारख्याच टाक्यांत सारख्याच खाण्यावर वाढवली. नदीवालीची नातवंडं इथंही बारीक असतानाच पिकली, तर दोष रक्ताचा. नाही पिकली, तर पाण्याचा.

"आण्णा, तुम्ही फक्त खाणं टाकायचं," प्राचीनं बजावलं होतं. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

आता 'बाकी'मध्ये काय काय येतं हे तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. केंदूरला आण्णांचं लहानपण गेलं, तिथं सुगीत त्यांचा बाप ज्वारीच्या राशीसमोर उकिडवा बसून बियाण्याची कणसं निवडायचा. टपोरं कणीस बाजूला, किडकं-मिडकं जनावराला. पुढं आण्णांनी शेळ्या पाळल्या तेव्हा तेच केलं. निवड केली नाही तर वाण बिघडतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नदीवाल्या टाकीत बोटभर लांबीच्या चिलाप्या पोटुशा दिसायला लागल्या, तशी आण्णांना लेकीचीच काळजी वाटली. ही खुरटी बेणी चांगल्या माशांचं खाणं खाणार, वर आपल्यासारखीच पिल्लं काढणार. पुण्याचे सर बघायला आले तर काय म्हणतील? आण्णांनी जाळी घेतली आणि बारक्या तेवढ्या वेचून धुरपदाच्या हवाली केल्या.

धुरपदा म्हणजे आण्णांची बायको. तिच्या हातचं माशाचं कालवण आळीत नावाजलेलं. मग हे दर आठ-पंधरा दिवसांनी होत राहिलं. कधी शेजारच्या अनसाबाईकडं वाटीभर जायचं. एका रविवारी तर प्राचीच्या ताटातही तेच आलं, आणि तिनं बोटं चाटत विचारलं, "आई, मासे कुठून आणले गं?" धुरपदा म्हणाली, "बाजारातनं." टाकीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, उगाच पोरगी रागवायची. टाकीतली चिलापी कमी झालेली बघून प्राचीनं खंड्या पक्ष्यावर आळ घेतला आणि वर जाळी ठोकली. जाळी ठोकायला खिळे आण्णांनीच पुरवले.

पुढच्या उन्हाळ्यात प्राची नाचतच आली. नदीवालीची नातवंडं तळ्यातल्या माशांसारखीच मोठी होऊन पिकली होती. "आण्णा, रक्तात काही नाही. सगळा पाण्याचा खेळ आहे!"

आण्णांचा ऊर भरून आला. त्यांनी बुद्धविहारात सगळ्यांसमोर सांगितलं, "जन्मानं कुणी बारीक नसतंय. पाणी दिलं तर समदी वाढत्यात. माझ्या लेकीनं सिद्ध केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभा जन्म आण्णांनी हेच मानलं होतं, आता ते माशानंही मान्य केलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी प्राची त्यांना टाकीपाशी घेऊन बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "मला धाकधूक कसली होती माहितीये? नदीवालीच्या टाकीत बारीक असताना पिकलेली एक जरी सापडली असती, तरी ती मोजावी लागली असती. पण या पिढीत एकसुद्धा नाही निघाली, आण्णा. एकसुद्धा!"

आण्णांच्या हातातला खाण्याचा डबा तसाच राहिला. सापडणार कुठून? त्या तर पातेल्यात गेल्या होत्या.

धुरपदाला सांगितलं तर ती म्हणाली, "गप बसा. कुणाला कळतंय? पोरगी डाक्टर हुतीया, तिच्या आड येऊ नगा."

आण्णा गप बसले. पण अन्न गोड लागेना. विहारातल्या टाळ्या आठवल्या की अंगावर काटा यायचा. न सांगावं, तर लेकीच्या नावामागं खोटी पदवी लागणार. सांगावं, तर तिची एवढ्या वर्षांची मेहनत आपल्या हातानं बुडवायची, आणि रविवारही जाणार. खरं सांगायचं तर त्यांचा जीव रविवारीच जास्त अडकला होता, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

प्राची टाईप केलेला प्रबंध दाखवायला घेऊन आली, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला नाही.

"प्राची, खंड्या न्हवता गं. मीच काढल्या बारक्या. वाण सुधारावा म्हून."

प्राचीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ओट्यावर बसली. तिनं ओरडायला हवं होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "किती काढल्या, आण्णा? कवापासून? आठवा की. थोडं जरी आठवलं तरी मला काहीतरी करता येईल."

ज्या माणसाला अजून रात्रीच्या मालगाड्यांचे नंबर पाठ होते, तो डोळे मिटून आठवत बसला. काही आठवेना. खाल्लेल्या माशांचा हिशेब कोण ठेवतो? प्राचीनं वाट पाहिली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "म्हणजे त्या रविवारी मीसुद्धा..." एवढं म्हणून ती उठली आणि नळाखाली चूळ भरत राहिली.

प्राचीनं सरांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी तो भाग काढायला लावला. प्रयोग पहिल्यापासून. शिष्यवृत्तीची मुदत संपलेली, म्हणून प्राची शिरूरला कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली, आणि टाक्या इनामगावला घोडनदीकाठच्या मैत्रिणीच्या मळ्यात हलवल्या. तिनं घरी एकदाही आवाज चढवला नाही. फोनवर तब्येत विचारायची. रविवार मात्र मळ्यात जायचे. आण्णांच्या परसात धुरपदानं मेथी पेरली, ती उगवलीही छान. आण्णा तिकडं फिरकत नसत.

वर्षभरानं न राहवून ते इनामगावला गेले. एसटीनं, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर. लेकीला बघून बरं वाटलं. वाळली होती, पण हसली. "आण्णा, नदीवालीच्या टाकीत यंदा बारक्या पिकल्यात," तिनं दाखवलं. "रक्तात आहे म्हणायचं." पाण्यात बोटभर चिलाप्या फिरत होत्या, पोटं फुगलेल्या. आण्णांनी मान हलवली. विहारात आता काय सांगायचं, हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नाही.

"बसा, चहा आणते," म्हणून ती घराकडं निघाली. चार पावलांवर मळ्यातला गडी मल्हारी पाईप गुंडाळत होता. त्याच्यापाशी ती थांबली. आवाज खाली आणून बोलली, पण वारा आण्णांच्या दिशेनंच होता.

"मल्हारीमामा, मी येईपर्यंत जरा टाक्यांपाशी थांबता का?"

मल्हारी पाईप टाकून आला आणि अवघडून उभा राहिला. आण्णांकडं बघावं की माशांकडं, हे त्याला कळेना.

"बसा की पाव्हणं," आण्णा म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी त्याला जागा करून दिली.