वाटीतली मुंगी

सालवडच्या चाळीतल्या त्या खोलीत भरदुपारी पंख्याखेरीज काही हलत नव्हते. बायडी उंबऱ्याशी बसली होती आणि तिच्या मांडीवर अठरा दिवसांची नात फडक्याचे टोक चोखत होती. त्या चोखण्यात दूध नव्हते, नुसता कोरड्या ओठांचा आवाज होता.

बायडीला तो आवाज ओळखीचा होता. तीस वर्षांपूर्वी मासवणच्या पाड्यावर तिने तो नऊ दिवस ऐकला, आणि ज्याचा तो होता त्याला पुरून आल्यावरही तो थांबला नाही. भात कांडताना, विहिरीवर, बाजाराच्या गर्दीतही तो मधूनच कानाशी येई. कोणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पुढे मिथुन झाला, धडधाकट वाढला, बोईसरच्या कारखान्यात लागला, तरी आवाज होताच. आज मात्र तो कानात नव्हता, मांडीवर होता.

आत खाटेवर सून सपना तापाने फणफणत पडली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या उजव्या स्तनाग्राला चिरा पडल्या होत्या. पाजताना डोळ्यांत पाणी येई, म्हणून ती पोरीला डावीकडेच घेऊ लागली. उजवीकडचे दूध तुंबत गेले, गाठ झाली, कातडी लाल होऊन तापली, आणि कालपासून थंडी वाजून ताप भरला.

सकाळी बायडीने तेच केले जे तिच्या सासूने तिच्या वेळी केले होते. दुखऱ्या बाजूचे चार थेंब स्टीलच्या वाटीत पिळले, भिंतीवरची काळी मुंगी काडीवर घेतली आणि दुधात लोटली. मुंगीने पाय झाडले, एक गिरकी घेतली आणि ती निपचित पडली. मुंगी मेली, म्हणजे दूध बाधले होते. एका अंगाचे बाधले म्हणजे दुसऱ्याचेही गेले, असे सासू म्हणायची. तेव्हापासून पोरीच्या पोटात चमच्याने भरवलेले साखरपाणी तेवढे गेले होते. कारखान्यातली पाळी संपली की मिथुन डब्याचे दूध घेऊन येणार होता.

सपनाने सासूच्या नकळत आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना फोन केला होता. त्या नर्सबाई, माकुणसारची दीपाली, दारात उभ्या राहिल्या तेव्हा बायडीने पोरीला जवळ ओढले.

दीपालीने सपनाला तपासले, ताप मोजला. मग हलक्या आवाजात सांगत राहिली: पोरगी नुसते टोक पकडते म्हणून चिरा पडल्या, काळा भागही तोंडात गेला पाहिजे, पाजण्याआधी कोमट फडके ठेवायचे, नंतर गार, गाठ जोराने चोळायची नाही, पाणी, पेज भरपूर प्यायची, आणि कालपासून ताप आहे, तेव्हा आजच डॉक्टरांकडे जायचे, त्यांची औषधे चालू असतानाही पाजता येते. दूध अडून राहिले तर गाठीत पू होतो. म्हणून पाजणे थांबवायचे नाही, त्या बाजूनेही नाही.

"द्या मावशी बाळाला."

"नाय देत," बायडी म्हणाली. "त्या दुदानं मुंगी मेली. माज्या डोल्यांनी पायलं मी."

दीपाली हसली नाही. तिने ओट्यावरची वाटी पाहिली.

"मावशी, बुडवली तर मुंगी पाण्यातही मरते."

"पान्यात कशाला मरंल?"

"बघा की."

बायडीने ओट्यावरच्या वाटीकडे पाहिले. मग मांडीवरची पोर तशीच खांद्याला लावून ती उठली. वाटी घासली, पुन्हा विसळली, आणि माठातले पाणी घेतले, घरातली सगळी माणसे पितात तेच. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. तिने एक काडीवर घेतली आणि पाण्यात लोटली.

मुंगीने पाय झाडले. एक गिरकी घेतली.

बायडीने दुसरी टाकली. तीही निपचित झाली. तिसरी टाकायला हात गेला नाही. ती वाटीत पाहत राहिली, आणि वाटीपलीकडे तिला पाड्यावरचा कुडाचा आडोसा दिसत होता, दुधाने भिजलेले स्वतःचे लुगडे, शेळीच्या पाणचट दुधावर दिवसेंदिवस आक्रसत गेलेले तोंड. पाचवी झाली होती, नाव ठेवायचे राहिले होते. जिवल्या, तिचा नवरा, तेव्हा वीटभट्टीवर होता. त्याने तर पोराला पाहिलेही नव्हते.

ती खाटेपाशी गेली आणि पोरीला सपनाच्या उजव्या कुशीत ठेवले. दीपालीने पोरीची हनुवटी छातीला टेकवून दिली, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबली. सपनाने दात आवळून खाटेची कड धरली. मग तिची पकड हळूहळू सैल झाली. पोरगी गिळू लागली. प्रत्येक घोट ऐकू येत होता.

दीपाली रिक्षा बघायला बाहेर गेली. सपना डोळे मिटूनच म्हणाली, "आये, तुमचा पयला बाधेनंच गेला ना? हे सांगतात तसं?"

बायडीने आजवर सगळ्यांना तेच सांगितले होते.

"नाय," ती म्हणाली. "उपाशी गेला. माजं अंग दुदानं भरलेलं होतं."

सपनाने डोळे उघडले. सासूचा हात ओढून तिने पोरीच्या पाठीवर ठेवला. त्या तळव्याखाली घोट एकामागून एक उतरत होते. बायडी ते मोजल्यासारखी ऐकत बसली, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत तो कोरडा आवाजही, आता कशाचा ते नेमके कळून.