साहेबांचं कोटेशन

महाप्याच्या एमआयडीसीत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. म्हणजे साहेबांची होती. आम्ही चहा संपवायला होतो. सन शहाण्णव. साहेबांचं नाव दिनानाथ, पण ते बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असावं. युनिक्सच्या मशीनवरसुद्धा त्यांची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, नुसती 'साहेब' होती. हाताखालच्या धर्मराजांनाही तोच मान हवा होता, म्हणून त्यांची डिरेक्टरी झाली 'धर्मराज साहेब', मध्ये जागा सोडून.

धर्मराज नोकरी सोडून गेले आणि त्यांची डिरेक्टरी पुसायचं काम स्मिताकडे आलं. ती प्रोबेशनवर होती. परमनंट झाली तर घणसोलीत भाड्याचं घर, नाहीतर परत सातारा, असं घरी ठरलेलं. तिने स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. साहेब स्क्रीन वाचत नसत, म्हणून प्रिंट काढून नेली.

"हे काय?" साहेबांनी नावाभोवती लाल पेन फिरवलं.

"कोटेशन मार्क, साहेब. मधली जागा दिसली की मशीन दोन वेगळी नावं समजतं. कोटेशनमध्ये घातलं की एकच."

"मला शिकवू नकोस. पेपरात 'साहेब' असं कोटेशनमध्ये छापतात, तेव्हा काय म्हणायचं असतं? तथाकथित! आज धर्मराज, उद्या मी. काढ ते कोटेशन."

"पण काढलं तर साहेब…"

"प्रोबेशनवर आहेस ना तू?"

स्मिता माझ्या शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "काढ बाई. अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

तिने आधी साहेबांची डिरेक्टरी टेपवर उतरवून घेतली.

"त्यांची कशाला?"

"असू दे," म्हणाली. मग चिन्हं काढली आणि एंटर दाबलं. मशीनने 'धर्मराज' शोधलं, सापडलं नाही. मग 'साहेब' शोधलं. ते लगेच सापडलं, आणि पुसलं.

थोड्याच वेळात केबिनचं दार आपटलं. जर्मन पार्टीला त्याच दिवशी किमती कळवायच्या होत्या, आणि त्या साहेबांच्या डिरेक्टरीत होत्या.

"माझं कोटेशन कुठे गेलं?"

"तुम्हीच काढायला सांगितलंत, साहेब."

मी तोंडात रुमाल कोंबला. इतका आनंद मला बोनसनेही कधी दिला नव्हता.

स्मिताने टेप लावली, सगळं परत आणलं आणि साहेबांना पुन्हा समजावलं. चटका बसल्यामुळे या वेळी त्यांना कळलं: जपायची वस्तू कोटेशनमध्ये घालायची. त्यानंतर त्यांनी कशालाच सोडलं नाही. नोटीस बोर्डावर "चहा" चार वाजता मिळू लागला.

महिनाअखेरीस साहेबांनी स्वतः टाइप केलेलं पत्र स्मिताला मिळालं. 'आपणांस "परमनंट" करण्यात येत आहे.'

तिने ते मला दाखवलं. "हे जपून ठेवलेलं, की तथाकथित?"

"जाऊन विचार."

केबिनचं दार उघडंच होतं. स्मिता उठली, पुन्हा बसली. मला साहेबांचा मनापासून राग आला.

घणसोलीच्या घरमालकाला तिने तूर्त थांबायला सांगितलं.